मागचा डावा स्पीकर

पेल्कोनेन शिडीच्या चौथ्या पायरीवर उभा होता. एका हाताने त्याने स्पीकर भिंतीशी दाबून धरला होता, दुसऱ्या हातात स्क्रू होते आणि दातांत पेन्सिल. खाली रोलंड ट्वेट मोजपट्टी ताणून जागा सांगत होता.

"दोन सेंटिमीटर वर."

"इंचांत सांग," पेल्कोनेन पेन्सिलीच्या आडून म्हणाला. "सत्तर वर्षं अमेरिकेत, या डुलूथमध्ये काढलीस, तरी तुझे सेंटिमीटर काही सुटत नाहीत."

"पाऊण इंच."

"बघ. जीव गेला का?"

हा पाचवा स्पीकर, मागचा डावा. बाकीचे चार सोमवारीच लागले होते. खोलीच्या मध्यभागी, जिथे पूर्वी कोच असे, तिथे आता दवाखान्याकडून आलेली लोखंडी खाट होती, आणि खाटेवर रोलंडची बायको कोरीन उशांच्या आधाराने बसली होती. तिची मान उजवीकडे वळलेली होती. उजवीकडे खिडकी होती आणि खिडकीबाहेर गोठलेले सरोवर. फेब्रुवारीत त्याचा आणि आभाळाचा रंग एकच असतो.

सहा आठवड्यांपूर्वी कोरीनच्या मेंदूच्या उजव्या अर्ध्यात एक गुठळी अडकली. डावा हात आणि डावा पाय निकामी झाला, हे कोणालाही दिसत होते. जे दिसत नव्हते ते समजायला रोलंडला तीन दिवस लागले. कोरीनच्या लेखी डावी बाजूच उरली नव्हती. ती ताटातले उजवीकडचे जेवण संपवी आणि भूक राहिली म्हणून कुरकुर करी, ताट अर्धे फिरवले की उरलेले तिला एकाएकी सापडे आणि ती विचारी, "हे कधी वाढलंस?" कंगवा दिला तर डोक्याचा उजवा भाग तेवढा विंचरला जाई. डावीकडून हाक मारली तर ती उजवीकडे पाहून ओ देई. डोळे शाबूत होते, कानही शाबूत होते. दवाखान्यात दोन्ही तपासले गेले होते. निरोप वेळेवर पोहोचत होता, पण डावीकडचा निरोप घ्यायला आत कोणी नव्हते.

"झालं," पेल्कोनेन खाली उतरत म्हणाला. "आता हा तुमच्या घरातला सगळ्यात सरळ टांगलेला माल."

पेल्कोनेनचे गावात स्पीकर आणि रेडिओ विकण्याचे दुकान होते. दुकान आणि मैत्री दोन्ही चाळीस वर्षांची होती, आणि त्या चाळीस वर्षांत त्याने रोलंडला पाच स्पीकरांचा सराउंड संच विकण्याचा नऊ वेळा प्रयत्न केला होता. रोलंडकडे दोन उंच स्पीकर होते, सव्वीस वर्षे जुने. माणसाला कान दोन आहेत, संगीताचे ध्वनिमुद्रण दोन वाटांनी होते, तेव्हा दोन स्पीकर हे गणित आहे; तिसऱ्यापासून पुढचे स्पीकर ही मते आहेत, असे तो म्हणत असे. ज्यांना डोक्यावरून हेलिकॉप्टर गेल्याशिवाय करमत नाही त्यांनी ती खुशाल विकत घ्यावीत.

आता प्रश्न मतांचा राहिला नव्हता. खाटेमुळे खोलीत जागा उरली नव्हती. पाच राहिले तर उंच जोडी तळघरात जाणार, आणि जोडी राहिली तर पाच परत दुकानात. पेल्कोनेनने संच आठवडाभर वापरून बघायला आणून दिला होता. आज शनिवार होता, आठवड्याचा सहावा दिवस.

हा सगळा घाट घातला होता ब्रिटाने. ब्रिटा त्यांची एकुलती एक मुलगी, फार्गोच्या शाळेत पाचवीला शिकवणारी. नवरा आणि दोन मुले तिकडे सोडून ती सहा आठवडे इथे राहिली होती. डावीकडून सतत आवाज येत राहिला तर अशा रुग्णांचे लक्ष हळूहळू तिकडे वळू लागते, असे तिने कुठेतरी वाचले होते. रोलंडनेही मग ते वाचले. फक्त तो तळटीपांपर्यंत गेला.

"तीन अभ्यास आहेत," त्याने मंगळवारी तिला सांगितले होते. "तिन्ही मिळून एकोणतीस रुग्ण. तुलनेसाठी दुसरा गट एकाही अभ्यासात नाही."

"आई एकोणतीस नाहीये, बाबा. एकच आहे."

"म्हणून तर पुरावा आणखी कमी."

तिने हातातले भांडी पुसायचे फडके ओट्यावर आपटले होते आणि ती बाहेर निघून गेली होती. पण काल रात्रीच्या जेवणाला, चर्चच्या बायकांनी आणून दिलेले सूप वाढताना, ती शांतपणे म्हणाली, "रजा संपली माझी. सोमवारी शाळेत हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा. आई सुधारत असेल तर मी जाते. नसेल तर मी राजीनामा पाठवते आणि इथेच राहते. तू एकटा हे ओढू शकणार नाहीस."

"आणि मुलं?"

"बघू."

"बघू" या शब्दाचा अर्थ रोलंडला ठाऊक होता. ब्रिटाचे घर गेली दोन वर्षे एका दोरीवर चालले होते. जावई फोनवर नीट बोलायचा, पण फार थोडे बोलायचा. धाकट्या नातवाने गेल्या रविवारी फोनवर आजीची चौकशी केली नव्हती. आई कधी येणार एवढेच तीन वेळा विचारले होते.

आता ब्रिटा कॉफीचे मग घेऊन आली आणि भिंतीकडे पाहून थांबली.

"लागला?"

"लागला, पोरी," पेल्कोनेन म्हणाला. "आता तुझ्या बापाला सांग की हा चावत नाही."

"वाजवा ना काका. एकदा मागचा उजवा, एकदा मागचा डावा. वाटेल तसं."

ती खाटेच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसली आणि तिने आईचा धडधाकट हात हातात घेतला. "आई, आवाज येईल. जिकडून येईल तिकडे बोट दाखवायचं. समजलं?"

"मी काही बालवाडीत नाही," कोरीन म्हणाली. गुठळीने तिच्या आवाजातला चढउतार नेला होता. त्यामुळे ती थट्टा करते आहे की रागावली आहे, हे आता शब्दांवरूनच ओळखावे लागे.

पेल्कोनेनने बटण दाबले. नळ सोडल्यासारखा सूंऽ आवाज मागच्या उजव्या कोपऱ्यातून आला. कोरीनने बोट उजवीकडे केले. दुसरा डावीकडून आला. कोरीन क्षणभर थांबली, आणि तिचे बोट छातीवरून आडवे होत डावीकडे वळले.

पेल्कोनेनने शीळ घातली.

दहा आवाज झाले. दहाही बरोबर आले. ब्रिटा आधी हसली, मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले. "बाबा! दहापैकी दहा!"

"मी सांगतच होते," कोरीन म्हणाली. "मला सगळं ऐकू येतं."

दहाच्या दहा वेळा रोलंड कोरीनकडे नव्हे, ब्रिटाकडे पाहत होता. डावा स्पीकर वाजला की ब्रिटाचे डोळे त्या कोपऱ्याकडे जात आणि लगेच परत येत, जेमतेम अर्ध्या सेकंदात. ते जातात याचा तिला पत्ताही नव्हता. आणि कोरीन ब्रिटाच्या चेहऱ्याकडे पाहत होती. शंभरेक वर्षांपूर्वी बेरजा करणारा एक घोडा होऊन गेला. खुरांनी टापा मारून तो बरोबर उत्तर देई, आणि मोठमोठे प्राध्यापक त्याच्यापुढे हात टेकत. घोड्याला बेरीज येत नव्हती. समोरच्या माणसाचा श्वास कधी सैल पडतो ते त्याला कळे.

"चाचणी पुन्हा घ्यायला हवी," रोलंड म्हणाला. "तू खोलीत नसताना."

ब्रिटाचे हात खाली आले. "म्हणजे मी खुणा करते?"

"तू नाही करत. तुझे डोळे करतात."

"तुझा माझ्यावर विश्वास नाही."

"माझा माझ्यावरही नाही. म्हणून मी कान बंद करून बसणार आहे."

"याला काही इलाज नाही बघ," पेल्कोनेन कॉफी ढवळत ब्रिटाला म्हणाला. "लग्नात पाद्री विचारत होता तेव्हासुद्धा यानं 'हो' म्हणायला चार सेकंद घेतले. मी मोजलेत."

ब्रिटा हसली नाही. नऊ वर्षांची असताना तिने चर्चमध्ये व्हायोलिन वाजवले होते आणि सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या होत्या. गाडीत बसल्यावर तिने विचारले होते, "कसं झालं?" आणि रोलंडने सांगितले होते की तिची वरची तार पूर्ण वेळ उतरलेली होती. तो रस्तेखात्यात आवाज मोजायची यंत्रे तपासून देत असे. एकतीस वर्षे हेच काम. यंत्र चुकत असेल तर तसे लिहून सही करायची, यापलीकडे त्याला काही सुचत नसे. व्हायोलिन त्यानंतर वर्षभरात बंद झाले.

"ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "घे तुझी चाचणी. खरं सांगू? मलाही तेच हवंय. बाकी सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलतात. डॉक्टर, पाद्री, शेजारीण. तू सांगितलंस तर ते खरं असेल." तिने दाराशी ठेवलेले फावडे उचलले. "मी पायऱ्यांवरचा बर्फ काढते. संपलं की हाक मार."

दार लागले. पायऱ्यांवर फावडे घासल्याचा आवाज सुरू झाला.

चाचणीची मांडणी रोलंडने दहा मिनिटांत केली. कोरीनच्या उशीपाशी मापक धरून त्याने दोन्ही मागच्या स्पीकरांचा आवाज सारखा करून घेतला. पेल्कोनेन स्वयंपाकघरात दार लावून बसणार. नाणे उडवणार, छापा पडला तर उजवा वाजवणार, काटा पडला तर डावा, आणि आपल्या कागदावर लिहून ठेवणार. असे चोवीस वेळा. रोलंड खाटेच्या मागे, कोरीनला दिसणार नाही असा स्टुलावर बसणार. त्याने कामावरची जुनी, कान गच्च बंद करणारी पिवळी टोपणे चढवली. आवाज कुठून आला हे त्याला कळायला नको होते. त्याने फक्त तिचा हात पाहायचा आणि कागदावर लिहायचे, उ किंवा डा.

टोपणांच्या आत स्वतःच्या रक्ताचा तेवढा आवाज होता. पुढे कोरीनच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती, उजवीकडे विंचरलेली, डावीकडे गुंतलेली. काही वेळाने तिचा हात पांघरुणावरून उठला आणि बोट उजवीकडे गेले. रोलंडने लिहिले, उ. हात खाली आला. पुन्हा उठला. उ.

तिसरा उ. चौथा उ.

बरोबर की चूक हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. मांडणीच तशी होती. तरी आठव्या उ नंतर त्याच्या हातातले पेन किंचित थांबले, आणि दहाव्यानंतर त्याला कळून चुकले. नाणे असे वागत नाही. तो लिहीत राहिला. चाचणी मध्येच सोडायची नसते.

सोळाव्या वेळी हात उठला, छातीवर घुटमळला, आणि बोट डावीकडे गेले. रोलंडने स्टुलावरून पुढे वाकून ते नीट पाहून घेतले आणि लिहिले, डा. त्यानंतर आठ वेळा पुन्हा उजवीकडे.

पेल्कोनेन दार उघडून आला. त्याने आपला कागद रोलंडच्या कागदाशेजारी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. दोघांनी वरून खाली बोट फिरवले. नाण्याने तेरा वेळा उजवा दिला होता, अकरा वेळा डावा. अकरा डाव्यांपैकी कोरीनने एकही ओळखला नव्हता. सोळाव्या वेळी, जेव्हा तिने डावीकडे बोट केले, तेव्हा उजवा वाजला होता.

पेल्कोनेन कोपऱ्यात पडलेली वायर गुंडाळू लागला. ती आधीच गुंडाळलेली होती.

"किती?" कोरीनने विचारले.

रोलंड खाटेच्या उजव्या बाजूला आला, ब्रिटाच्या खुर्चीवर बसला. "बारा."

"चोवीसात?"

"हो."

चाळीस वर्षे ती याच आकडेमोड करणाऱ्या माणसाच्या टेबलावर जेवली होती. "म्हणजे नाणंच," ती म्हणाली.

"नाणंच."

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. "एकदा उगाच डावीकडे दाखवलं. सारखं उजवं, उजवं... बरं दिसेना."

"ब्रिटा असताना बरोबर येत होतं."

"ती असली की सोपं जातं. तिच्या तोंडावर सगळं दिसतं. लहानपणी खोटं बोलली की कान लाल व्हायचे तिचे." तिचा सपाट आवाज कुठेही वर गेला नाही की खाली आला नाही. "तिचं तोंड बघूनच चाललंय माझं. दुसरं काही कळत नाही मला, रोलंड. परवा कोणाचा तरी हात माझ्या पांघरुणात होता. थंडगार. मी घरी येणाऱ्या नर्सला म्हटलं, हा घेऊन जा. ती म्हणाली, हा तुमचाच."

रोलंडने तिचा उजवा हात धरला.

"तिची पोरं तिथे आहेत," कोरीन म्हणाली.

"हो."

"सोमवारी तिनं तिथे असायला पाहिजे."

"ती मला विचारणार, कोरीन. कागद बघणार."

"मग?"

कोरीन सरोवराकडे पाहत होती, आणि सरोवरावर पाहण्यासारखे काही नव्हते. रोलंडने तिचा हात पांघरुणावर ठेवला आणि आपला कागद घेऊन तो स्वयंपाकघरात गेला.

टेबलावर बसून त्याने वहीतून एक नवे पान फाडले. पेल्कोनेन मागून आला आणि दाराला टेकून उभा राहिला. खिडकीतून ब्रिटा दिसत होती. चौदापैकी नऊ पायऱ्या मोकळ्या झाल्या होत्या.

"काय करतोयस?"

"तुझा कागद दे."

पेल्कोनेनने दिला. रोलंडने नव्या पानावर तारीख लिहिली, वेळ लिहिली, आवाजाची पातळी लिहिली; ही माहिती खरी होती. खाली एक ते चोवीस आकडे घातले. मग पेल्कोनेनच्या यादीकडे पाहून तो उत्तरे भरू लागला. पेन तेच होते. अक्षर किंचित घाईचे, टोपणे घालून गुडघ्यावर लिहिल्यासारखे काढावे लागत होते, आणि ते त्याला चांगले जमत होते. आयुष्यभर इतरांचे कागद तपासताना त्याने खोटे कागद पुष्कळ पाहिले होते. खोट्या कागदाचा दोष नेहमी एकच असे: तो फार स्वच्छ असे.

पेल्कोनेन त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "सगळी बरोबर नको देऊस."

"नाही देत."

"दोन चुका पुरेत."

"तीन. दोन म्हणजे ठरवून घातल्यासारख्या दिसतात." रोलंडने सातव्या आकड्यासमोर चुकीचे उत्तर लिहिले. मग पुढे अठराव्या आणि एकोणिसाव्यासमोर, सलग. "शेवटी शेवटी माणूस थकतो. चुका एकमेकींना धरून येतात."

"एकवीस होतात."

"हो."

पेल्कोनेनने टेबलावरचा पहिला कागद उचलला. त्यावर उभ्या रांगेत तेवीस उ आणि एक डा होता. त्याने त्याची चौकोनी घडी घातली, मग आणखी एक घडी, आणि तो शर्टाच्या खिशात ठेवला.

"मी दुकानदार आहे," तो म्हणाला. "मला हे काम सोपं जायला पाहिजे होतं."

पानाखाली रोलंडने सही केली. सहीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला नाही.

ब्रिटा हाक मारण्याची वाट न पाहताच आत आली. बुटांवर बर्फ होता, गाल लाल झाले होते, फावडे अजून हातात होते. तिने स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून एकदा पेल्कोनेनकडे पाहिले, एकदा बापाकडे.

"सांग."

"एकवीस," रोलंड म्हणाला.

"चोवीसपैकी?"

"चोवीसपैकी. योगायोगाने इतकी बरोबर येण्याची शक्यता हजारात एकही नाही." हे वाक्य गणित म्हणून खरे होते.

ब्रिटा खाली बसली. खुर्चीवर नाही, दारातच, ओल्या फरशीवर. फावडे तिने मांडीवर आडवे घेतले. काही क्षण तिचे खांदे हलत होते. ती रडते आहे की हसते आहे हे तोवर पाठ फिरवलेल्या पेल्कोनेनला कळले नसते, आणि रोलंडला पाहवले नाही.

"मग हे पाच राहू दे," ती नाक पुसत म्हणाली. "काका, पाचही राहू देत हां."

"राहतील, पोरी."

"आणि बाबांचे ते दोन खांब तळघरात."

"आजच नेतो."

बाहेरच्या खोलीतून कोरीनचा सपाट आवाज आला. "मी सांगितलं होतं. मला सगळं ऐकू येतं."

"हो गं आई, हो!" ब्रिटा उठली, आईकडे गेली आणि खाटेशी वाकून तिने आपला गार गाल तिच्या गालाला लावला. कोरीनने उजवा हात उचलून लेकीच्या डोक्यावरचा बर्फ झटकला. मग हळूहळू तिचा चेहरा चाचपला, जणू तिथे काही लिहिलेले होते.

"उद्या दुपारी निघते मी," ब्रिटा म्हणाली. "अंधाराआधी पोहोचेन. दर शनिवारी फोनवर मला वाजवून दाखवायचं, बाबा. चोवीस वेळा. आणि आकडा सांगायचा."

"सांगेन," रोलंड म्हणाला. दर शनिवारी. आकडा हळूहळू वाढवत न्यावा लागेल, आणि मध्ये एखाद्या आठवड्यात उतरवावाही लागेल. सुधारणा सरळ रेषेत होत नाही.

"दे, बघू दे कागद."

त्याने दिला. ती खिडकीपाशी उजेडात गेली आणि बोट खाली खाली नेत वाचू लागली, तिच्या वर्गातल्या मुलांच्या वह्या तपासते तशी. पेल्कोनेनने शिडी मिटवून काखेत घेतली. पण तो गेला नाही.

"सातव्याला चुकली," ब्रिटा म्हणाली.

"हो."

"आणि अठरा, एकोणीस. ते थकल्यामुळे. पण सातव्याला कशी चुकेल? इतक्या लवकर?" तिने कपाळाला आठी घातली आणि मग ती आठी एकदम उलगडली. "अरे, थांब. तेव्हा खालच्या रस्त्यावरून बर्फाची गाडी गेली ना? मोठी, साखळ्यांची. मी तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असेन. केवढा धडधडाट! मी फावडं टेकवून उभी राहिले होते. त्याच आवाजात तिला हा कसा कळणार?"

रोलंडच्या कानांवर तेव्हा टोपणे होती. त्याने पेल्कोनेनकडे पाहिले. पेल्कोनेन शिडीच्या बिजागरीकडे पाहत होता.

"तसंच असेल," रोलंड म्हणाला.

"तसंच आहे. म्हणजे खरं तर बावीस." तिने कागद खिडकीच्या कट्ट्यावर पसरला आणि आपल्या बापाच्या हातात पेन दिले. "लिही ना बाजूला. नाहीतर पुढे कोणी बघितलं तर त्याला वाटेल, आई उगाच चुकली."

रोलंडने पेन घेतले. समासात, सातव्या आकड्याशेजारी, त्याने बारीक, सरळ अक्षरात लिहिले: बाहेर बर्फाची गाडी. मग वेळ टाकायची म्हणून घड्याळाकडे पाहिले, आणि ब्रिटाला विचारले, "साधारण किती वाजले असतील?"